सोइलाची टोपली

आमच्या इमारतीत सोइला खाली येत नसे, तिची टोपली येई. तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून दोरीला बांधलेली टोपली सकाळी पावासाठी उतरे, मग कॉफीसाठी, आणि मग रस्त्याने जो फेरीवाला ओरडत जाईल त्याच्यासाठी. स्वतः सोइला सात महिन्यांत एकदाही उतरली नव्हती. गुडघा दुखतो, असं ती सांगे. दुखत असेलही. पण मी तिच्या खालीच राहतो, आणि रेडिओवर दान्सोन, म्हणजे आमचा जोडीचा नाच, लागला की तो गुडघा काय करतो ते मला माझ्या छतातून ऐकू येई.

मला लिहिण्याची सवय नाही. काही चुकलं तर इमारतीतले लोक सांगतीलच. ते काहीच सांगायचं सोडत नाहीत.

सोइला त्र्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं तिने दोरखंडाच्या कारखान्यात काढली, त्यामुळे माणसांपेक्षा दोरीवर तिचा विश्वास जास्त. दर रविवारी ती चौकातल्या मंडळात अनसेल्मोबरोबर दान्सोन नाचायची. अनसेल्मो म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला विधुर. त्याच्या बुटांत बघून दाढी करता येईल. दोघांची जोडी बावीस वर्षांची. या सात महिन्यांत तो बिचारा कडेला बसून टाळ्या वाजवत होता.

एका सोमवारी टोपलीतून त्याची चिठ्ठी वर गेली. सोइलाने ती सज्जात उभं राहून वाचली, म्हणजे साऱ्या गल्लीने ऐकली.

"रविवारी मंडळाचा वाढदिवस आहे. तुला जमणार नसेल तर हरमिनिया विचारते आहे."

"हरमिनिया!" सोइला ओरडली. "ती नाचते की फर्निचर सरकवते?"

डॉक्टर यानेलिसनेही ऐकलं. तिचा दवाखाना तळमजल्यावर आणि घर पहिल्या मजल्यावर. ती पिशवी घेऊन वर गेली. दार उघडंच होतं, आणि आमच्या जिन्यात आवाज फार छान घुमतो.

"आजी, साखर फार वाढलीय."

"तुझं यंत्र जुनं आहे, पोरी."

"कॉफीत किती चमचे घालता?"

"एक. मोजून एक."

"चमचा दाखवा बघू."

खण उघडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाली, "आजी, ही पळी आहे."

शेवटी हुकूम निघाला. रविवारी नाचायचं असेल तर आपल्या पायांनी उतरायचं. पायऱ्या चौपन्न, रोज थोड्या उतरायच्या, थोड्या चढायच्या. अर्धं ताट भाजीचं. आणि पेरूचा मुरंबा भरलेले पास्तेल बंद.

"आणि माझा गुडघा?"

"गुडघ्याला बसून बसून कंटाळा आलाय."

डॉक्टर गेल्याबरोबर सोइलाने सज्जातून पास्तेलवाल्या रिगोला हाक मारली. "रिगो, टोपलीच्या जागी खुर्ची बांधली तर रविवारी मी उतरेन का रे?"

रिगोने मान वर करून अंदाज घेतला. "दोरी टिकेल, मावशी. सज्जाचं सांगता येत नाही."

"मेल्या! बरं, सहा पास्तेल ठेव."

इथून गोष्ट बिघडली. रिगोने टोपलीत सहा पास्तेल ठेवले. मी माझ्या सज्जात बसून बघत होतो. टोपली पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी आली तेव्हा आतून पांढऱ्या बाहीचा एक हात निघाला. टोपली जरा डगमगली. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्यात दोन काकड्या आणि अर्धी पपई होती.

मी काही बोललो नाही. मी सहसा बोलत नाही. बोलायला हवं होतं असं नंतर वाटत राहतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

"चोरा!" वरून आवाज आला. "पास्तेल मागितले आणि काकड्या देतोस?"

"आईची शपथ मावशी, पास्तेलच ठेवले!"

"तुझी आई मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाची तरी शपथ घे!"

पण आलेलं अन्न टाकून द्यायचं आमच्याकडे नसतं. तिने लिंबू पिळून काकड्या खाल्ल्या. रोज ती पास्तेलच मागवी, पण मंगळवारी टोमॅटो आले, बुधवारी पालक, गुरुवारी एक भलामोठा भोपळा. तो ओढताना तिचा जो व्यायाम झाला तो वेगळाच. पायरी मात्र ती एकही उतरली नव्हती.

आणखी एक गोष्ट मी लपवून ठेवली होती. अनसेल्मो रोज दुपारी सोइलाला भेटायला येई, पण पोहोचे माझ्या दारापर्यंत. माझ्या खुर्चीत बसून दोन पेले पाणी पिई आणि म्हणे, "उद्या नक्की वर जातो. आज बूट चावताहेत." मग खाली जाई. कोणाला सांगणार नाही, असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

शुक्रवारी दुपारी टोपली नेहमीसारखी पहिल्या मजल्याशी डगमगली आणि सोइलाने दोरी गच्च धरली. जन्मभर दोरी वळलेल्या बाईला कळतं, मासा कधी लागला ते. तिने हिसका दिला. खालून डॉक्टरनेही टोपली सोडली नाही. दोरी अशी ताणली की वाजवली असती तर सूर निघाला असता.

"कोण आहे गं तिकडे?"

सोइलाने दोरी कठड्याला बांधली आणि जिन्यात सपाता वाजू लागल्या. अठरा पायऱ्यांनंतर ती माझ्या दाराशी आली. खुर्चीत अनसेल्मो, हातात पेला.

"तू इथे काय करतोस?"

"पाणी पितोय."

"तुला नंतर बघते. आणि शेजारी, तुलाही!"

ती तशीच पुढे उतरली, आणखी अठरा. आम्ही दोघं कठड्यावरून वाकून बघत होतो. डॉक्टरने दार उघडलं. ओठांवर पेरूचा मुरंबा होता आणि कोटाचं पोटावरचं बटण काही केल्या लागत नव्हतं.

"पोरी, माझे पास्तेल! रोज सहाच्या सहा?"

"टाकून द्यायचं आमच्याकडे नसतं, आजी," डॉक्टर खाली मान घालून म्हणाली. मग तिचं लक्ष जिन्याकडे गेलं. "आजी! छत्तीस पायऱ्या उतरलात. न थांबता!"

सोइलाने मागे वळून जिना पाहिला. तिलाही ते आत्ताच कळत होतं. पण ती भानावर आली. "रिगोला मी चोर म्हटलं. त्याच्या आईलासुद्धा मध्ये ओढलं," असं म्हणत ती उरलेल्या अठराही उतरली.

रस्त्यावर रिगोच्या हातातली परात पडता पडता राहिली. "मावशी! तुम्हाला पाय आहेत?"

माफी मागून झाली. मग सोइला जिन्याच्या तळाशी आली, वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. राग संपला होता, आणि चढायचं ते रागाशिवाय.

"आता रविवारपर्यंत मी इथेच बसते."

तेवढ्यात अनसेल्मो खाली आला आणि त्याने हात पुढे केला. "सोइला, दान्सोनमध्ये आपण सगळा वेळ थोडेच नाचतो? पहिली सुरावट आली की जोड्या नुसत्या उभ्या राहतात, बायका पंखा हलवतात. ते उभं राहणं नाचातच धरतात ना?"

सोइलाने कमरेचा पंखा काढला. ती अठरा पायऱ्या चढली, थांबली, तिने पंखा हलवला, इकडेतिकडे ऐटीत पाहिलं. पुन्हा अठरा. माझ्या दाराशी अनसेल्मो सवयीने खुर्चीकडे वळला.

"चल वर! बूट चावले तर काढ."

सात महिन्यांनी तो तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. सगळ्यात जास्त धाप लागली होती ती त्यांच्या मागून आलेल्या डॉक्टरला.

शनिवारी दोघं तसंच दोनदा उतरले आणि चढले. रविवारी सकाळी डॉक्टरने साखर तपासली. अजून जास्तच होती, पण सोमवारपेक्षा बरीच खाली. "नाचा," ती म्हणाली, "आणि पळी मला द्या." सोइलाने पळी दिली. मग टोपली पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत सोडली. आत डॉक्टरसाठी दोन काकड्या होत्या.

मंडळात सोइला आणि अनसेल्मो पूर्ण दान्सोन नाचले. पंखा जरा जास्त वेळ हलला, एवढंच. मी कडेला बसून टाळ्या वाजवत होतो. सोइलाने मला दंडाला धरून उठवलं. "शेजारी, सगळं माहीत असून गप्प बसलास ना? ही घे शिक्षा." आणि तिने मला हरमिनियासमोर उभं केलं.

हरमिनियाबद्दल ती म्हणाली होती ते खोटं आहे. हरमिनिया फार सुंदर नाचते. फर्निचर मी होतो.