समर्पक साथ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. फार मोठं काही घडलंय असंही नाही — कुणाचा जीव गेला नाही, कुणी पोलिसांत गेलं नाही. पेपरातली दोन वाक्यं आणि तोंडातून गेलेलं एक वाक्य, एवढंच आहे सगळं. पण तिन्ही माझी आहेत.

मी मूळचा विंचूरचा. वडील कांद्याच्या बाजारात मापारी होते. काट्यावरचं वजन बघायचं आणि चारचौघांत ते मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. घरात पदवी घेतलेला मी पहिला. नाशिकला कॉलेज केलं, मग अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो आणि सिडकोत खोली घेऊन राहू लागलो. ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

गाणं मला विंचूरच्या लाउडस्पीकरनं शिकवलं. लग्न असो की गणपती, दिवसभर सिनेमाची गाणी वाजायची आणि मला ती मधल्या संगीतासकट पाठ व्हायची. सातवीत होतो तेव्हा यात्रेला एक ऑर्केस्ट्रा आला. पांढरे बूट घातलेला अकॉर्डियनवाला, पितळी वाद्यं घेऊन उभी राहिलेली चारपाच माणसं. सगळी एकदम वाजायला लागली तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. ते अजूनही हलतं. शास्त्रीय गाणं ऐकताना तसं कधी हललं नाही — हेसुद्धा मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

मग मी शास्त्रीयकडे वळलो कसा? खरं सांगू? नाशिकला आल्यावर मला वाटायला लागलं की शिकलेली माणसं ऑर्केस्ट्रा ऐकत नसतात. ती मैफलीला जातात, सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि समेवर मान हलवतात. मला त्यांच्यात बसायचं होतं.

तिथं मला नेलं भास्करकाकांनी. भास्कर सोनवणे. आमच्याच कारखान्यात ते स्टोअरला होते, खिडकीतून नटबोल्ट आणि हातमोजे द्यायचे. संध्याकाळी पेटी वाजवायचे. बाहेरगावचा गायक नाशिकला आला आणि सोबत पेटीवाला नसला, की भास्करकाकांना निरोप जायचा. त्यांच्याकडे जुनी स्कूटर होती. पेटी घेऊन जायची तर मागं कुणीतरी ती मांडीवर धरून बसायला लागायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

"धर नीट. पडली तर काकू मला घरात घेणार नाही, आणि तुला तर गल्लीत पण नाही," असं म्हणत ते किक मारायचे. सिडकोतून गंगापूर रोडपर्यंत मी पेटी छातीशी धरून जायचो. हॉलवर पोचलं की ती स्टेजवर नेऊन ठेवायची आणि समोर दुसऱ्या ओळीत बसायचं. सम कुठे येते, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. मी काकांच्या भुवईकडे बघायचो. सम आली की त्यांची डावी भुवई किंचित वर जायची, आणि मी मान हलवायचो. पुढे लोक मला जाणकार म्हणायला लागले.

जाणकार म्हटल्यावर एका स्थानिक पेपरनं मैफलींचे वृत्तांत लिहायला सांगितलं. खाली माझं नाव यायचं. वडिलांनी पहिलं कात्रण बाजारात सगळ्यांना दाखवलं. मला म्हणाले, "लय चांगलं झालं. पण एक ध्यानात ठेव. काट्यावर जे पाह्यलं नाय, ते वजन पुकारायचं नाय."

वृत्तांत लिहिणं अवघड नव्हतं. गायक काय काय गाणार याची चिठ्ठी संयोजकांकडून आधीच मिळायची. ती घेऊन तीन परिच्छेद करायचे. शेवटचं वाक्य तर ठरलेलंच असायचं — तुम्हीही शंभर वेळा वाचलं असेल — तबल्यावर अमुक आणि हार्मोनियमवर तमुक यांनी समर्पक साथ केली. भास्करकाकांसाठी मी ते किती वेळा लिहिलं, याचा हिशोब नाही. पेपर आला की ते फक्त एवढंच बघायचे, 'सोनवणे' बरोबर छापलंय ना. एकदा 'सोनावणे' छापलं होतं, तर दोन दिवस स्टोअरमधले पोरगे त्यांना "काका, सोनं आणा" म्हणून चिडवत होते.

आता ती संध्याकाळ. अठ्ठ्याण्णवचा हिवाळा, शनिवार. गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाहेरगावच्या एका गायिकेचं गाणं होतं आणि साथीला भास्करकाका होते. आणि त्याच संध्याकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर ऑर्केस्ट्रा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, पंधरा वादक, अकॉर्डियनसह.

मी आठवडाभर त्या जाहिरातीवरून नजर फिरवत होतो. कुणाला म्हटलं असतं तर हसले असते. काका? काका हसले नसते. ते म्हणाले असते, जा की, पेटी मी रिक्षानं नेतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग का नाही विचारलं?

पूर्वार्धात गायिकेनं पूरिया धनाश्री घेतला. मी काकांची भुवई बघत माना हलवल्या. मध्यंतरात चहा आला. काका स्टेजवर पेटीचा भाता पुसत होते. माझ्या खिशात चिठ्ठी होती — उत्तरार्धात एक नाट्यगीत, एक अभंग, शेवटी भैरवी. मी चहाचा कप खिडकीत ठेवला आणि बाहेर पडलो.

ऑर्केस्ट्रा फार सुंदर झाला. हे लपवून काय उपयोग? अकॉर्डियनवाला म्हातारा होता, बूट काळे होते, पण वाजवत होता तसंच. मी उभा राहून शिट्ट्या मारल्या. आयुष्यात इतका खूश मी क्वचितच झालो असेन. ते आवडलं याची मला लाज नाही.

रविवारी दुपारी चिठ्ठीवरून वृत्तांत लिहून दिला. 'अभंगानं रसिकांना भारावून टाकलं. भैरवीनं मैफलीची सांगता झाली.' आणि खाली नेहमीचं वाक्य.

सोमवारी सकाळी स्टोअरच्या खिडकीवर गेलो. पेपर आलेला होता. काकांनी तो वाचला होता की नाही, मला कळलं नाही. मी आपलं ठरवून आलेलं सांगितलं — पोट बिघडलं, म्हणून गाणं संपल्या संपल्या निघालो, पेटी न्यायला थांबता आलं नाही.

"शेवटपर्यंत होतास ना?" त्यांनी विचारलं.

"होतो की."

 ते काउंटरवर पुढे वाकून, जणू फक्त माझं मत हवंय असं, हळूच म्हणाले, "मधे जरा घाई झाली का रे माझी?"

"छे, काका. साथ एकदम नेमकी होती."

 खिडकीवर मागं कुणीतरी वॉशर मागत होतं. काका वळले आणि वॉशर मोजायला लागले. मला वाटलं, निभावलं.

बुधवारी पेपरच्या ऑफिसात गेलो, तर पुरवणी बघणाऱ्या देशमुख साहेबांनी एक पोस्टकार्ड पुढे सरकवलं. पंचवटीतल्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. मध्यंतरानंतर बाईंचा आवाज बसला. नाट्यगीत अर्ध्यावर सोडून त्या म्हणाल्या, सोनवणे, आता तुम्ही वाजवा, मी ऐकते. आणि सोनवण्यांनी पाऊण तास एकट्यानं पेटी वाजवली. सुरुवातीला हात घाईत होता, मग असा बसला की तबलजीच दाद द्यायला लागला. भैरवी बाईंनी गायलीच नाही, ती पेटीतून आली. शेवटी बाई स्वतः उठून त्यांच्या पाया पडल्या. आपल्या वार्ताहरानं यातलं एक अक्षरही का लिहिलं नाही, असं मास्तरांनी विचारलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. काकांचा प्रश्न मला तेव्हा कळला. साथीबद्दल नव्हता तो.

"काय हो," देशमुख म्हणाले, "बाई गायल्याच नाहीत म्हणे? खुलासा द्यायचा का? चार ओळी टाकू उद्या."

चार ओळी. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, त्यांचं नाव. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर वृत्तांत माझ्याकडून गेले असते, बहुतेक. आणि मी कुठे होतो हे सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "बाईंनी जरा दम खाल्ला साहेब, तेवढ्यात पाच-सात मिनिटं पेटी वाजली. भर म्हणून. मी होतो की तिथं."

"मग राहू द्या. या पोस्टकार्डवाल्यांना दुसरा उद्योग नसतो," असं म्हणून त्यांनी कार्ड माझ्याकडेच दिलं. मी ते खिशात घातलं.

निघून जाणं, न ऐकता लिहिणं — त्याला मी आळस म्हणेन, न्यूनगंड म्हणेन, तुम्ही काय हवं ते म्हणा. पण हे वाक्य मी जाणूनबुजून, शांतपणे, खुर्चीवर बसून बोललो. त्या माणसाचा पाऊण तास मी पाच मिनिटांवर आणला. वजन मी पाहिलंच नव्हतं, आणि पुकारलं.

काका मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. उलट कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं, "काय काका, तुमचाच चेला, आणि एवढ्या वाजवण्यावर एक ओळ नाही?" तर ते म्हणाले, "अरे, तो लिहितो रे. जागा नसली की वरून कापतात." मी समोर ताट घेऊन बसलो होतो. मी मान हलवली — समेवर हलवावी तशी. पुढच्या मैफलीला मी पुन्हा पेटी धरून मागं बसलो. किक मारताना ते पेटी नीट धर म्हणाले, पण काकूंवरची ती थट्टा त्यांनी त्यानंतर कधी केली नाही. तसं वाजवण्याची संधीही त्यांना पुन्हा आली नाही. साथच करत राहिले.

दोन हजार सहाला त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पेटी बंद झाली. दीड-दोन वर्षांनी शहरातल्या एका संगीत मंडळानं जुन्या कलाकारांचा सत्कार करायचं ठरवलं आणि माहितीचे फॉर्म पाठवले. काकूंनी मला बोलावलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच भरून द्या, म्हणाल्या.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. काकूंनी कात्रणांची वही आणली. सगळी कात्रणं माझीच होती. एकेक पान उलटत गेलो. समर्पक साथ, समर्पक साथ, समर्पक साथ. प्रत्येकात 'सोनवणे'खाली निळ्या शाईची रेघ. त्या सोमवारचं कात्रणही होतं. त्याच्यातही रेघ होती.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम, पुराव्यासह. काकू म्हणाल्या, "ते शाळेच्या हॉलमधलं लिहा ना. बाई पाया पडल्या होत्या ते. त्या दिवशी हे किती वेळ तुमची वाट बघत थांबले होते स्कूटरपाशी. आता येईल, तो ऐकून रडत असेल कुठंतरी, असं म्हणत होते म्हणे. शेवटी तबलजी आला पेटी धरून."

म्हणजे शेवटी मी तिथं नव्हतो, हे त्यांना त्या रात्रीच कळलं होतं. सोमवारी खिडकीवर विचारलं, तेव्हाही.

मी काकांकडे बघितलं नाही. पोस्टकार्ड माझ्याकडेच होतं, खोलीतल्या ट्रंकेत, पदवीच्या सर्टिफिकेटाखाली. सायकलवर दहा मिनिटांचं अंतर. ते आणलं असतं तर तोच पुरावा होता. जगात तेवढा एकच होता. आणि ते माझ्याकडे कसं आलं, एवढंच सांगावं लागलं असतं.

"राहू दे," काका म्हणाले. तोंड थोडं वाकडं झालं होतं, पण शब्द कळायचे. "त्याचं कात्रण नाही."

मी पेन उचललं. पट्टी मागून घेतली, आणि त्या रकान्यात डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ मारली. काकूंनी फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, किती स्वच्छ भरलाय.