कायम अस्तातला गुरू

मी गुरूचा अभ्यास करते, हे रत्नागिरीत सांगण्याची चूक मी एकदाच केली. तेवढी पुरली. पुण्यात एका संस्थेत मी परक्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या, आपल्या गुरूएवढ्या अवाढव्य ग्रहांवर संशोधन करते, असं शेजारच्या काकूंना नीट समजावलं, तर दुसऱ्या दिवशी त्या भाचीची पत्रिका घेऊन हजर. "गुरुबळ तेवढा बघ गो. घरचीच हायस." नाही म्हटलं असतं तर भाचीचं लग्न अडलं असतं आणि खापर माझ्यावर फुटलं असतं. मी 'उत्तम आहे' म्हटलं. मग आमच्या दारात पत्रिकांची रांगच लागली.

पुढे हा गुरू माझ्याच मुळावर आला. माझं लग्न ठरलं, मुलगा सावर्ड्याचा. माझे बाबा मालवाहू बोटीवर. त्या वर्षी मे महिनाभर घरी होते, जूनच्या तोंडाला पुन्हा बोट. एकदा गेले की वर्षाचा बहुतेक भाग समुद्रात. माझा दहावीचा निकाल, माझी पदवी, माझी पहिली नोकरी, सगळं त्यांनी फोनवर ऐकलं, तेही रेंज असली तर. लग्नात तरी ते मला समोर उभे हवे होते. माझी एवढीच अट होती. मुहूर्त काढायला भटजीकाका आले, पंचांग उघडलं आणि म्हणाले, "मे महिनाभर गुरूचा अस्त आहे. लग्न नाही."

अस्त म्हणजे आपल्याला गुरू सूर्याच्या इतका जवळ दिसतो की त्याच्या उजेडात लपून जातो. प्रत्यक्षात तो बिचारा होता तिथेच, सूर्यापासून कोट्यवधी मैल लांब. पण त्याच्या नावाने इकडे कार्यालयांना कुलपं. मला राहवलं नाही. "काका, खरोखर जवळ गेलेला गुरू कसा असतो ते मला विचारा," म्हटलं आणि शहाणपण सुरू केलं. माझे गुरू ताऱ्याला इतके चिकटलेले की तीन-चार दिवसांत त्यांचं वर्ष उरकतं. त्यांचं पंचांग काढलं तर छापून होईस्तोवर रद्दीत जाईल. ताऱ्याकडे कायम एकच तोंड, त्यामुळे अर्ध्या अंगावर न संपणारी भर दुपार. काहींच्या हवेत लोखंडाची वाफ होते, काहींची हवाच तारा हळूहळू उडवून लावतो. आमचा मे महिना त्यापुढे महाबळेश्वर. आणि यातले बहुतेक तिथले नव्हेतच. जन्म लांबचा, थंडीतला. मग कुणी बाळपणीच ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतून आत घसरत आला, कुणाला शेजारच्या ग्रहाने ढकललं. कोण कसा आला, यावर आम्हा संशोधकांत अजून भांडणं चालतात, भाऊबंदकीला शोभतील अशी.

भटजीकाकांनी सगळं मन लावून ऐकलं. "म्हणजे तो जन्मभर अस्तातच!" ते खुशीत आईला म्हणाले. "बघा वहिनी, लेकच सांगत्येय. तिथे तर कुणाची लग्नंच होत नसतील."

होत नाहीत, हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी खरं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा हा एकच निष्कर्ष आमच्या ओटीवर एकमताने मान्य झाला. माझं डोकं असं फिरलं की बोलायची सोय नाही.

शेवटी काकांनाच दया आली. अडलेल्यांसाठी पंचांगात काढीव मुहूर्त असतात म्हणाले, महिनाअखेरचा एक धरा. मी लगेच हो म्हटलं. बाबांनीही मान डोलावली. आई पलीकडे ताटांत फणसाचा रस पसरत होती, फणसपोळीची साठं घालायला. तिचा हात थांबला.

"नाय," ती म्हणाली. "काढीव नको."

"आई, अगं गुरू कुठे, आपण कुठे..."

"तो कुठं हाय ता तुला म्हायती. माझा लगीन काढीव मुहूर्तावरच झाला. ह्यांची बोट लागली होती म्हणून. हळद उतरायच्या आधी हे गेले. तवापासून मी वाटच बघत्ये. तुझा तसा नको."

बोटीच्या नोकरीला गुरू जबाबदार नाही, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. ते मी गिळलं, कारण ती गुरूबद्दल बोलतच नव्हती. भटजीकाका चष्मा पुसत राहिले.

बाबा तिच्या ताटांशी येऊन बसले. मग म्हणाले, "तर मग ही खेप मी जात नाय. कंपनीला कळवतो आजच. अस्त सरला की चांगला मुहूर्त धरून लगीन करू."

मी उठून त्यांना मिठीच मारली. इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं. भटजीकाका पुढची पानं उलटायला लागले.

आईने रसाचं ताट उचललं. "म्हणजे ऱ्हाता येत होता," ती म्हणाली आणि ताट उन्हात ठेवायला निघून गेली.