क्लचच्या डबीतलं तेल

मुलाचं कंपनीतलं काम सुटलं, तेव्हा त्याने जुनी डिझेल गाडी घेतली, भाड्याने चालवायला. कुणाला इस्पितळात न्यायचं, कुणाला ऑफिसात सोडायचं, असं चालायचं. मला बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गाडी दारात आली आणि आमचे हे बोलायला लागले.

हे मिलमध्ये साचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर, तेलवाले होते. हातात तेलाची बुदली घेऊन साच्यांच्या रांगांतून फिरायचं, सुकलं तिथे तेल सोडायचं. मिल बंद पडली आणि ह्यांचं बोलणं पण हळूहळू बंद झालं. भांडण नाही, दारू नाही, काही नाही. गॅलरीत बसायचे. वाढलं की जेवायचे. मी मसाल्याच्या दुकानात मिरचीची देठं काढायला जायची. हात असे जळायचे की मुलाला जवळ घ्यायची पंचाईत. चुकून त्याच्या डोळ्याला हात लागला की रडून आमचा चाळीतला गाळा डोक्यावर घ्यायचा. मग मी हाताला फडकं गुंडाळून त्याला थोपटायची. ह्यांना काही सांगितलं तर नुसती मान हलवायचे. वर्षानुवर्षं तसंच. माणूस घरात आहे ना, मी म्हणायची, तेवढं पुरे.

गाडी आली तशी हे सकाळी खाली उतरून ती पुसायला लागले. वर येऊन सांगायचे, मागच्या दाराची बिजागरी वाजते, काच चढताना अडकते. रोज काहीतरी नवीन. मी भाकरी थापताना हूं हूं करायची. मनात म्हणायची, वाजू दे, सगळं वाजू दे.

मग क्लचने त्रास काढला. पहिल्यांदा जड झाला. मग दाबला की वर यायला वेळ लावायचा. शेवटी खालीच बसून राहायला लागला, मुलगा चवड्याने उचलून वर काढायचा. एकदा भर बाजारात गाडी गियरमध्ये अडकली. मागनं सगळे हॉर्न मारतायत. इंजिन बंद केलं, लोकांनी ढकलत गल्लीत आणून दिली.

गल्लीतला मेकॅनिक आला. मी चहा घेऊन खाली गेले, हे बॉनेटला टेकून उभे. मेकॅनिकने क्लचची छोटी डबी उघडली, बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला.

"मावशी, यात मशीनचं तेल कोणी घातलं?"

त्याने सांगितलं, ह्यात ब्रेकला लागतं तसलं पाणी, ब्रेक फ्लुइड, असतं, तेल नाही चालत. तेलाने आतले रबरी वायसर फुगतात, मग पेडल वर येत नाही. ब्रेकची डबी वेगळी होती, ती पण त्याने तपासली. ती साफ होती, नशीब.

मला लगेच कळलं. जन्मभर ज्याने जे अडेल त्याला तेल दिलं, तो दुसरं काय करणार. मुलाकडे बघितलं, त्याला पण कळलं होतं. गाडी काय, दुरुस्त झाली असती. पण गल्लीत चार लोकांसमोर मुलगा बापाला टाकून बोलला असता, तर हे वर जाऊन परत गॅलरीत बसले असते. आणि परत तेवढी वर्षं वाट बघायला माझ्याकडे आता वर्षं नव्हती.

हेच म्हणाले, "त्याल मी घातलंय. डबी रिकामी दिसली."

मेकॅनिक हसला. म्हणाला, "काका, गाडी है, शिलाई मशीन नहीं."

मुलगा किती वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मीच बाबांना सांगितलेलं, डबी भरा म्हणून. कशाने भरायची ते बोललो नाही."

त्याने असं काही सांगितलेलं नव्हतं. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि वर निघून गेले.

वायसर बदलले, नळी धुऊन काढली, पेडल नीट झालं. पण सकाळी हे खाली जाईनात. पुसायचं फडकं गॅलरीच्या कठड्यावर वाळून कडक झालं. बोलून उपयोग नसतो, हे मला माहीत होतं.

त्यात गाडीने दुसरं काढलं. पॅसेंजर बसले की पुलावर चढेना. काळा धूर काढत रांगायची. मेकॅनिक म्हणाला, टर्बो जोर देत नाही. टर्बोच गेला असेल नाहीतर पाइप कुठेतरी फाटला असेल, सवड झाली की बघतो. मी मुलाला विचारलं, टर्बो म्हणजे काय रे. तो म्हणाला, इंजिनात दाबून वारा भरतो तो पंखा.

रविवारी तो गॅलरीत बापाच्या बाजूला जाऊन बसला.

"बाबा, खाली चला. वारा कुठनं जातो ते मला सापडत नाही."

"मी हात नाय लावणार."

"लावा हो. काय ओतायचं असेल तर मला हाक मारा, दोघं बघून ओतू. पण हात लावा."

हे उठले. फडकं उचललं, झटकलं.

मी वरनं बघत होते. गाडी बंद, थंड. बॉनेटमध्ये दोघांची डोकी, एक पांढरं, एक काळं. हे रबरी पाइपावरनं बोटं फिरवत होते, खालच्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही. एका जागी थांबले. बोटं बाहेर काढली तर तेलकट, धुळीने काळी.

"हयसून वारो जाता," म्हणाले.

पाइप खालनं चिरला होता. मेकॅनिकने दुसरा घातला. टर्बोला काही झालेलं नव्हतं. मुलगा पुलावर एक चक्कर मारून आला, हे पुढच्या सीटवर. मला पण बोलावत होते, मी म्हटलं, मला मासे साफ करायचेत.

त्या दिवशी जेवताना हे बोलत होते. पुलावर गाडी कशी चढली, आवाज कसा बदलला, मग साचाखात्यातलं काय काय, जे मी कधी ऐकलंच नव्हतं. ह्यांचा भात ताटात गार झाला. मी माशाच्या कढीचं पातेलं उचललं आणि हळूच परत गॅसवर ठेवलं.