इवायांचा तीन पायांचा मासा

आख्ख्या कंधार तालुक्यात समुद्राच्या तळाची खबर ठेवणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे इवाई, माझ्या लेकीचे सासरे. स्वतः समुद्र कधी पाहिला नाही. जिंदगी बस चालवण्यात गेली, पाण्याशी संबंध काय तो रेडिएटरपुरता. पण तिथं तळाच्या चिखलात उभा राहणाऱ्या एका माशाबद्दल असं बोलायचे, जसा काही तो मागच्या गल्लीत राहतो. पराचे तीन लांब काटे खाली टेकवायचे, तिवईसारखं उभं राहायचं, तोंड धारेकडं करायचं आणि पुढचे पर हातासारखे वर पसरायचे. डोळे असून नसल्यासारखे. धारेत जे येईल ते चाचपून खायचं. "पाणी किती खोल?" विचारलं की हिशोब ड्रायव्हरचा. "स्टँडापासून फाट्यापर्यंतची सडक उभी करा, पाव्हणं. तेवढं पाणी डोक्यावर." मी चौथी नापास, पण सडक उभी होत नसते एवढं मला कळतं. तसं बोललो, तर महिनाभर अबोला.

हा नाद कुठून लागला ते गावाला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक, म्हणजे माझा जावई, मालाच्या जहाजावर कामाला होता. वादळात डेकवरून गेला, सापडला नाही. तेव्हापासून इवाई मोबाईलवर समुद्राचा तळ बघत बसले. फोटोला हार घालू देईनात. माझी लेक त्या घरात ना सवाष्ण ना विधवा. बापानं एकदा तोंडानं म्हणायचं होतं की पोरगं गेलं. तेवढंच ते म्हणत नव्हते.

बाकी बोलण्यात कमी नव्हते. एकदा स्टँडाबाहेर सडकेच्या कडेला वाऱ्याकडं तोंड करून, दोन्ही हात पसरून, मासा कसा उभा राहतो ते मला दाखवून राहिले होते. भरलेली बस करकचून थांबली. कंडक्टर ओरडला, "चढा की काका, कुठं जायचं?" इवाई हललेबी नाहीत. "कुठंच न्हाई. मासा काय गाडी धरतो का?" त्यावर कंडक्टर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. धर्माबादच्या लग्नात तर भर पंगतीत सुरू झाले. "ह्या माशात नर-मादी येकाच अंगात. जोडीदार भेटला तर ठीक, न्हाई तर सोताचं सोता निभावतो. ना मांडव, ना मानपान!" नवरदेवाचा मामा वाढप्याला म्हणाला, "यांना आधी भात वाढ रे, लवकर उठू दे."

मग लेकीला जळकोटचं स्थळ आलं. बायको वारलेला किराणावाला, माणूस सरळ. लेक म्हणाली, "बापू, मामा सोताच्या तोंडानं म्हणतील तर मी तयार हाय. न्हाई तर न्हाई." मामा म्हणजे सासरे. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो.

"इवाई, आज मासा नको. पोराचं बोला."

"पोराचंच बोलून राहिलो की मी इतके दिवस."

मी खाली बसलो.

"त्या माशाला दिसत न्हाई, पाव्हणं. पण वरून कायबी आलं का पुढच्या परानं चाचपतो. लई हळू. मी बघितलं." मग म्हणाले, "माझ्या पोराला कोणी तरी हात लावला असंल ना तिथं? नुसताच पडून न्हाई ना राहिला?"

लेक दारात उभी होती. तिच्याकडं न बघताच म्हणाले, "गेला बाई तो. तू जा."

मी जिंकलो होतो. पण उठताना मला माझी चप्पल सापडेना, पुढ्यात असून.

लेक आता जळकोटला नांदून राहिली. इवाई घरात एकटे. फोटोला हार आहे. मी अधूनमधून जातो, पण माशाचा विषय ते काढत नाहीत. मीच विचारतो, "इवाई, त्याची पिल्लं कुठं राहतात हो?" मला ठाऊक आहे. लहानपणी वर राहतात, मोठी झाली की खाली जातात, त्यांनीच कैकदा सांगितलंय. तरी मी मुद्दाम चुकीचं सांगतो. पिल्लं तळाला जन्मतात अन् मोठी होऊन वर येतात, म्हणतो. वाटतं, आता भडकतील, मला अडाणी म्हणतील.

ते नुसतं मान हलवून "हाव" म्हणतात.