नऊ टॉवेलांचं निशाण

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं राहतात. समुद्र बघायचा तर सोलापुराहून रात्रभर प्रवास करावा लागतो. तरीही ही इमारत म्हणजे एक लढाऊ जहाज आहे, अशी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ठाम समजूत होती. ती मोडून काढायची हिंमत बारांपैकी एक सोडून कुठल्याच बिऱ्हाडात नव्हती.

अण्णा नौदलात इंजिनखोलीत मेकॅनिक होते. जहाज वाफेवर चालणारं, जुनं. त्याच्या पोटात, बॉयलरशेजारी अण्णांचं तारुण्य गेलं. घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. भरती व्हायच्या आधी त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावची विहीर, आणि तीसुद्धा वर्षातले सहा महिने तळ दाखवायची. असा माणूस समुद्रावर गेला म्हटल्यावर गावाला वाटलं, सुटला एकदाचा. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा आईने लाजत लाजत एकच प्रश्न विचारला म्हणे.

"तितं पानी रोज असतंय का?"

"चारी बाजूला पानीच हाय की."

"प्यायचं?"

"ते मोजून," अण्णा म्हणाले.

आई अजून सांगते, तिथंच तिचा समुद्रावरचा विश्वास उडाला. खरं होतं ते. खाऱ्या पाण्याचं गोडं करायचं यंत्र जहाजावर होतं, पण गोड्या पाण्याचा पहिला मान बॉयलरचा. त्याला उत्तम पाणी, आणि उरलं तर माणसांना. लांबच्या सफरीवर पाणी ठरावीक वेळीच सुटायचं. अंग ओलं करायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, पुन्हा नळ सोडायचा आणि मनात वीस मोजायच्या आत बाहेर पडायचं. अण्णांनी मला लहानपणी असंच आंघोळ करायला शिकवलं. लग्नानंतर माझ्या बायकोलाही बंद दाराबाहेर उभं राहून शिकवायचा त्यांचा विचार होता. आईने वेळीच त्यांचा दंड धरून त्यांना तिथून नेलं.

निवृत्त होऊन इथं फ्लॅट घेतला आणि अण्णांना त्यांच्या लायकीचं काम सापडलं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि येताना वेळ सांगून येत नाही. आलं की ते खालच्या हौदात घ्यायचं, मोटर लावून गच्चीच्या टाकीत चढवायचं आणि मग तासभर सगळ्यांचे नळ सोडायचे. पूर्वी या कामावरून दर वेळी भांडणं व्हायची. अण्णांनी ते काम हातात घेतलं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं. एक वही घातली, गळ्यात जहाजावरची पितळी शिट्टी अडकवली आणि नियम लावला. पहिली शिट्टी म्हणजे मोठ्या पाइपात पाणी आलं, पिंपं तयार करा. दुसरी शिट्टी म्हणजे नळ सोडले, भरून घ्या. मोबाइलवर ग्रुप काढू म्हणणाऱ्याला त्यांनी असं काही बघितलं, की त्याने ग्रुप काढला तो फक्त वाढदिवसांसाठी.

लोक त्यांना कॅप्टन म्हणायला लागले. कॅप्टन जहाजाच्या माथ्यावर उभा असतो आणि अण्णांनी नोकरीत वरचं ऊन कधी फारसं पाहिलं नाही, हे मी कुणाला सांगत बसलो नाही. एकट्या पहिल्या मजल्यावरच्या बाई त्यांना कॅप्टन म्हणत नसत. या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, आणि बाहेर मराठी असं की समोरच्याने आपलं मराठी तपासून घ्यावं. त्या म्हणायच्या, "टाकी आहे ती. जहाज नव्हे."

अण्णांचं आणि साऱ्या इमारतीचं एकाच बाबतीत कधी पटलं नाही. ती बाब म्हणजे शिळं पाणी. आमच्या भागात नवं पाणी आलं की पिंपात उरलेलं पाणी त्या क्षणी शिळं ठरतं. सकाळी त्याचाच चहा झालेला असतो, पण नव्या पाण्याची चाहूल लागली की ते ओतून द्यायचं, पिंप घासायचं आणि ताजं भरायचं. पहिली शिट्टी वाजली की जिन्यावरून, मोऱ्यांतून, गॅलऱ्यांतून पाणी वाहायला लागायचं आणि अण्णांचा जीव तिळतिळ तुटायचा.

"जहाजावर टाकीतलं पानी म्हैना-म्हैना प्यालो," ते ओरडायचे. "पानी काय भाकरी हाय व्हय, शिळं व्हायला?"

आमच्या घरात ओतायला सक्त बंदी होती. आईला याची लाज वाटायची. शेजारणींपुढे ती आमच्या शिळ्या पाण्याविषयी अवाक्षर काढत नसे.

आता मुख्य गोष्ट. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सुट्टीचा दिवस होता, दुपारचे तीन वाजले असतील. मागच्या प्लॉटवर काँक्रीट फोडायचं मशीन चालू होतं. भिंतीपलीकडे दिसत काही नव्हतं, पण आवाज असा की माझे दात हलत होते. मी यंत्रमागांच्या गोंगाटात दिवस काढणारा माणूस, तरी मला सहन होईना. तेवढ्यात त्या गोंगाटातून शिट्टी वाजली. पहिली.

साऱ्या इमारतीने भराभर पिंपं रिकामी केली. शिट्टीवर लोकांचा तेवढा विश्वास होता. मी खाली गेलो. अण्णा हौदाजवळ वाकून उभे होते, तळहात पाइपावर, डोळे मिटलेले. इंजिनखोलीत असंच करतात, यंत्राची तब्येत हाताला कळते असं ते नेहमी सांगायचे. मी पाइपाला हात लावला. पाइप थरथरत होता. भिंत थरथरत होती, हौदाचं झाकण थरथरत होतं, माझी चप्पलसुद्धा थरथरत होती.

"आलं," अण्णा हसून म्हणाले. "लई जोरात येतंय."

मी म्हणालो, "अण्णा, ते मशीन आहे." ते हसतच राहिले. मी ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय, लई जोर हाय." मग मी त्यांच्या मागे गेलो आणि त्यांना हाक मारली. दोन हातांवरून, पोटातून ओरडून. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मला एकदम सगळं कळलं. टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असतो, फोन आईच का घेते, ते स्वतःच सतत का बोलत असतात. बॉयलरने त्यांचे कान कधीच खाऊन टाकले होते आणि ते आम्हाला तळहाताच्या भरवशावर पाणी पाजत होते. मला भीती वाटली. लोकांना कळलं तर हे काम जाईल, आणि काम गेलं तर या माणसाचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

दुसरी शिट्टी वाजलीच नाही. मशीन थांबलं तसा पाइप गार पडला. अण्णांनी पाइपाचा व्हॉल्व्ह उघडला, त्यातून एक फुस्स आवाज आला, तोही त्यांना ऐकू आला नसणार. अकरा घरांची पिंपं घासूनपुसून लख्ख कोरडी होती. पाणी आलं ते तीन दिवसांनी.

त्या तीन दिवसांत इमारतीत भरलेलं घर एकच होतं, आमचं. अण्णांनी दारात स्टूल टाकलं, वही उघडली आणि शिळ्या पाण्याचं वाटप सुरू केलं. माणशी दोन तांबे प्यायला, एक वापरायला. आंघोळ रद्द. दाढी रद्द. तिसऱ्या मजल्यावरच्या नवरदेवाच्या विनंतीवरून फक्त त्याची एक दाढी मंजूर झाली, तीही अण्णांच्या देखरेखीखाली. पहिल्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन रांगेत आल्या. अण्णांनी तांबे ओतले. बाईंनी पाण्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि कळशी उचलली. आईची मान मात्र त्या तीन दिवसांत अशी काही ताठ झाली, की आजतागायत ती पूर्ववत झालेली नाही.

पाणी आल्यावर गच्चीवर सभा भरली. मी रात्रभर बहाणे तयार केले होते. पाइप खराब, हौद खराब, व्हॉल्व्ह खराब. पण मी तोंड उघडायच्या आत अण्णा उभे राहिले, पाठ ताठ, हात बाजूला.

"पहाऱ्यावर मी होतो. चूक माजी. जहाज खडकावर गेलं की पहाऱ्यावरचा मानूस जबाब देतो. काय शिक्षा असंल ती सांगा."

शिक्षा काय सांगणार? लोक चुळबुळ करायला लागले. बाईंनी विचारलं, "त्या वेळी मागे मशीन चालू होतं ना?" अण्णा समोर बघत राहिले. बाई उठल्या, अगदी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द ओठांवर मांडत म्हणाल्या, "मागे. मशीन. चालू होतं. ऐकलंत?"

"कुटलं मशीन?" अण्णा म्हणाले.

ज्या मशीनने साऱ्या गल्लीला दुपारभर छळलं होतं, त्याचा या माणसाला पत्ता नव्हता. अण्णांनी आळीपाळीने सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग माझा पाहिला, आणि मला खाली बघावं लागलं. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि टाकीच्या झाकणावर ठेवली.

ती उचलायला कुणी पुढे होईना. शेवटी बाईंनीच उचलली. साडीच्या पदराने पुसली. अण्णा म्हणाले, "असं न्हाय. मी म्हनतो, पहारा दिला. तुमी म्हनायचं, पहारा घेतला. तवा सुटतो मानूस."

"पहारा घेतला," बाई म्हणाल्या, एकेक शब्द नीट दाखवत. आणि जरा थांबून, "कॅप्टन."

घरी आल्यावर अण्णांनी वही मिटून ठेवली. मग आईला म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय."

"ठावं हाय मला," आई त्यांना दिसेल अशी जोरात मान हलवत म्हणाली. "लई वर्सं झाली."

"मग बोलली का न्हाईस?"

आईने त्यांच्यासमोर बसून, हातवारे करत, मोठ्याने सांगितलं, "बोलले की. दर वर्सी बोलले. तुमाला ऐकू आलं न्हाय."

अण्णा हसले. पण पुढचे चार दिवस ते गॅलरीतल्या खुर्चीत नुसते बसून होते. वही मिटलेली, जेवण अर्धं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यातच एकदा, कुणी न विचारता, त्यांनी त्यांच्या जहाजाच्या शेवटच्या फेरीची गोष्ट सांगितली. जहाज कायमचं निवृत्त होतं, तेव्हा बंदरात शिरताना त्याच्या डोलकाठीवर एक अरुंद निशाण लावतात, जहाजाच्या लांबीएवढं लांब. किनाऱ्यावर लोक ते बघायला उभे असतात. अण्णा तेव्हा खाली होते. बॉयलर विझवून वर येईपर्यंत सूर्य मावळला होता आणि निशाण उतरवून घडी घातली होती.

"आमी चालवलं, म्हनून ते फडकलं," ते म्हणाले. "दिसलं न्हाय एवडंच."

मी हे बाईंना सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. बाई म्हणाल्या, "तसाही प्रश्न आहेच. शिट्टी त्यांना ऐकू येणार नाही, मोबाइल ते बघणार नाहीत. त्यांना पाणी आल्याचं कळणार कसं? दिसेल असं काहीतरी हवं. तुमच्या कारखान्यात टॉवेल सुटा विणतात की सलग?"

टॉवेल मागावरून सलगच उतरतो. एकामागे एक, मध्ये धाग्यांची मोकळी पट्टी सोडलेली, आणि नंतर तिथं कात्री चालते. मी दुय्यम मालातून न कापलेले नऊ टॉवेल आणले, पांढरे, निळ्या काठाचे. गच्चीपासून जमिनीपर्यंत बरोबर नऊ लागतात, हे गणित बाईंचं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला शिट्टी वाजली, जरा बेसूर. अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. वरून तो लांबलचक पट्टा सळसळत खाली आला, आमच्या गॅलरीसमोरून गेला आणि खाली बाईंच्या गॅलरीच्याही पलीकडे लोंबायला लागला. वारा होता. अण्णांनी पेपर खाली ठेवला, उठले आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा खालपासून वर.

"असं दिसतंय व्हय ते," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. आई आतून आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "पानी आलंय. बघत काय बसलाय?"

"व्हय," अण्णा म्हणाले. आत गेले, पिंपावरचं झाकण काढलं आणि उरलेलं सगळं शिळं पाणी स्वतःच्या हाताने मोरीत ओतून दिलं.