दोन भोकांची चाकोली

जयवंताबाईला लेकरं आवडत नव्हती, असं नाही. तिला ती एका वेळी एक आवडायची, तीही पोट भरलेली आणि झोपेला आलेली. भातकुलीच्या गोवर्धनशेठच्या आवारात कडुलिंबाखाली मात्र ती रोज घोळक्यानं येत, उपाशी येत, आणि झोप म्हणजे काय ते त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसे. कोणी माती खाई, कोणी दुसऱ्याच्या तोंडात माती कोंबी. जानराव नावाचं तीन वर्षांचं एक कार्टं होतं, ते दिवसभर नागडं फिरे आणि नेसवायला गेलं की चावे.

या लेकरांच्या आया पलीकडच्या लांबलचक पडवीत सरकी काढायच्या चरख्यांवर बसलेल्या असत. ते कापसाचे दिवस होते. दूर कुठं गोऱ्या लोकांच्या मुलखात आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि त्यामुळं वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढत चालला होता. ज्या बायांनी कधी घराचा उंबरा ओलांडला नव्हता, त्याही आता पहाटे भाकर बांधून शेठच्या आवारात हजर होत. कापूस वेचून घरात येतो न येतो तोच सरकी काढून रुईच्या गाड्या अमरावतीला रवाना. साऱ्या गावाला एकच घाई, आणि त्या घाईत लेकरं कोणी सांभाळायची, तर जयवंताबाईनं. का, तर तिचं बोट मोडलं होतं म्हणून.

आता खरं सांगायचं तर साऱ्या आवारात जयवंताबाईसारखी चरखीवर बसणारी बाई नव्हती. एकमेकींवर फिरणाऱ्या दोन लाटांच्या मधे कापूस सारायचा, पलीकडून रुई, अलीकडं सरकी. काम एवढंच, पण तिच्या हातची रुई अशी निघे की सरकीचा बारीक तुकडाही सापडायचा नाही. अमरावतीचा व्यापारी नमुना बघायला आला की शेठ तिच्याच टोपल्यात हात घाली. नवरा गेल्यावर गावानं तिला बिचारी म्हणायला सुरुवात केली होती, ते चरखीनं थांबवलं. मग दिवाळीनंतरच्या घाईत एकदा उजव्या हाताचं मधलं बोट लाटांत सापडलं. रुईवर रक्त सांडलं. मुकादम नत्थुजीनं आधी रुई बाजूला केली आणि मग बोट पाहिलं, हे जयवंताबाई विसरली नव्हती.

बोट जुळलं, पण वाकेना. नत्थुजी म्हणाला, "बोट मोकयं झालं की बस चरखीवर. पण होळीच्या आत. होळीनंतर हंगाम सरला. अन् पुढच्या साली कोणाची जागा कोणाले, ते मले सांगता येत नाई."

तेव्हापासून जयवंताबाईचं एकच ध्येय होतं, होळीच्या आत बोट वाकवायचं आणि या लेकरांच्या तावडीतून सुटायचं. तेलानं चोळून झालं, शेक देऊन झाला. मग माघ सरता सरता तिला चाकोल्या आठवल्या. होळीला शेणाच्या चाकोल्या करायच्या, चांद, सूर्य, पान, नारळ अशा, मधे भोक पाडून त्या वाळवायच्या आणि माळ ओवून होळीवर चढवायची, हे काम घरोघरी लेकरांचंच. यंदा घरी कोणाला सवड होती? म्हणून तिनं शेण मागवलं आणि लिंबाखाली मळायला बसली. लेकरांना काही शिकवावं असा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. ती बोटासाठी मळत होती.

पण लेकरांना शेण दिसलं आणि तिचं ऐकतं कोण. पहिल्या दिवशी सगळ्यांनी थापायच्या ती जागा सोडून बाकी सगळीकडं चाकोल्या थापल्या. ती ओरडली, हात धरून दाखवलं, पुन्हा ओरडली. चांद असा, अर्धा. सूर्य असा, पुरा. पान टोकाला निमुळतं. भोक मधोमध, काडीनं, नाहीतर ओवताना तुटते. ओरडता ओरडता आठवडा गेला आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की जानराव उकिडवा बसून, जीभ बाहेर काढून, एकेक गोल सूर्य थापतोय आणि सकाळपासून त्यानं कोणाला चावलेलं नाही. आयांनी तिचं कौतुक केलं. तिला ते कौतुक मुळीच आवडलं नाही, कारण त्यात तिला आपली जागा लिंबाखाली पक्की होताना दिसली.

बाकीच्यांचं एक वेळ परवडलं. खातूनबी पिंजारणीची नसीमबानो मात्र जयवंताबाईच्या जिवावर उठली होती. पोर चार वर्षांची, तोंडात दात कमी आणि प्रश्न जास्त. "काहून" हा शब्द जगात तिच्यासाठीच झाला असावा.

"मावशी, लिंबाची पानं काहून पडून राहिली?"

"नवी येतात म्हणून."

"नवी लाल काहून हायेत?"

"कोवळी हायेत म्हणून."

"जुनी झाडावरच राहिली तं काहून नाई जमत?"

"नसीम, उगी बस."

"काहून?"

आंब्याला मोहोर आला, तर त्याचा प्रत्येक कण आंबा का होत नाही. चाकोल्या एवढ्या मेहनतीनं करायच्या, मग जाळायच्या काहून. जयवंताबाई संध्याकाळी घरी जाई तेव्हा तिच्या कानात चरख्यांची कुरकुर नसे, नुसतं काहून काहून चाललेलं असे. खातूनबीला तिनं एकदा सुनावलं, "तुई पोरगी मले खाऊन टाकीन." खातूनबी रुई झटकत हसली आणि म्हणाली, "घर में मेरे कू खाती, इधर तुमाले. बाट के खाऊ देव."

होळीला आठवडा राहिला तेव्हा शिवारातला पळस पेटला होता. गाडीवानांकडून तिनं फुलं मागवली, मडक्यात भिजत घातली, वर चिमूटभर चुना टाकला. पाणी गर्द केशरी झालं. बोट आता निम्म्याच्या वर वाकत होतं. त्या सकाळी आवाराच्या दारात रुईच्या गाड्या भरणं चाललं होतं. गाडीवान रुई तुडवून तुडवून भरत होते आणि वरून तरट ओढत होते. नसीम मडक्यापाशी बसून तिकडं बघत होती.

"मावशी, रुई कुठी जाते?"

"अमरावतीले."

"मंग?"

"मंग मुंबईले. मंग जहाजात बसून दर्यापार."

"काहून?"

"तिकडं लोकाईले कपडे पायजेत म्हणून."

"त्याईच्या इकडं कापूस काहून नाई?"

आदल्या रात्री बोट ठणकल्यामुळं जयवंताबाईला झोप नव्हती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "मले काय ठाव? जा, गाडीत बस, सोता पाहून ये अन् मले येऊन सांग."

एवढं बोलून ती वळते तोच नत्थुजी समोर उभा. एका चरखीवरची बाई तापानं निजली होती, गाड्या खोळंबल्या होत्या. "बोट कसं हाय?" त्यानं विचारलं. तिनं बोट वाकवून दाखवलं. दुखलं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. "मंग चाल," तो म्हणाला, "आज पायतो तुयं काम."

लेकरांचं काय करायचं? तिनं मडकं आवाराच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं. "हात बुडवा अन् भिंतीवर छापा उठवा. सारी भित भरली पायजे. कोणी हलायचं नाई." लेकरं तुटून पडली. भिंत लांब होती आणि जयवंताबाईच्या हिशेबानं दुपार सहज निघाली असती.

ती चरखीवर बसली. लाटा फिरल्या, कापूस सरकला आणि पलीकडून रुई उतरू लागली, स्वच्छ, पूर्वीसारखी. शेजारणीनं मान वळवून पाहिलं. नत्थुजी दोनदा येऊन चिमूट घेऊन गेला आणि काही बोलला नाही, म्हणजे त्याला नाव ठेवायला काही सापडलं नाही. बोटातून कळा येत होत्या, तरी किती दिवसांनी तिला सुख वाटत होतं. लेकरांचा गलका भिंतीकडून येत होता. मग तो थोडा कमी झाला. ती कापूस सारत राहिली. मग एकदम तिच्या लक्षात आलं की बराच वेळ काहून ऐकू आलेलं नाही.

आधी तिला बरं वाटलं. मग तिचा हात थांबला.

भिंत खालून हातभर केशरी झाली होती. लेकरं होती, नसीम नव्हती. "नसीम कुठी हाय?" तिनं विचारलं. जानराव भिंतीवरच्या छाप्याला आपला पंजा जुळवून बघण्यात गुंग होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "पायले गेली."

"काय पायले?"

"रुई कुठी जाते ते. तूच धाडलं न तिले."

छापे भिंतीनं दारापर्यंत गेले होते. दाराशी सकाळी गाड्या होत्या, आता नुसत्या चाकोऱ्या होत्या.

जयवंताबाई पळाली. पदर खोचला की नाही, चप्पल पायात आहे की नाही, तिला भान नव्हतं. रुई तुडवून भरतात, वर तरट ओढतात, आणि त्याच्या खाली शिरलेलं लेकरू ओरडलं तरी गाडीवानाला काय ऐकू जाणार, हे ती पळता पळता स्वतःला सांगत होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. पाठीमागून नत्थुजीच्या हाका येत होत्या. तिनं चरखी मधेच सोडली होती.

नाल्याच्या उतारावर गाड्या एकामागे एक हळूहळू उतरत होत्या. सगळ्यांवर सारखंच तरट, सारखीच धूळ. ती एकेका गाडीच्या मागं जाऊन पाहू लागली. शेवटून तिसऱ्या गाडीच्या फळीवर एक छोटा केशरी पंजा उमटला होता, आणि त्याच्यावर, तरटाच्या कडेला, आणखी एक.

"गाडी थांबव," ती गाडीवानाला म्हणाली. तो चंद्रभान, दर्यापूरकडचा. तो म्हणाला, "उतारावर कशी थांबवू बाई?" तेवढ्यात तिनं तरट फाडलंच होतं. ती दोन्ही हातांनी रुई उपसून रस्त्यावर फेकू लागली. काळ्या मातीत पांढरी रुई पडत होती आणि मागून धापा टाकत आलेला नत्थुजी ओरडत होता, "माल मातीत चालला, बाई, माल मातीत चालला." ती खांद्यापर्यंत आत शिरली. आधी काहीच लागेना. मग हाताला पाऊल लागलं. मोडलेल्या बोटासकट साऱ्या मुठीनं तिनं ते आवळलं आणि ओढलं.

नसीम बाहेर आली ती लालबुंद, घामानं निथळलेली, नाकातोंडात रुईचे तंतू. डोळे मिटलेले. जयवंताबाईनं बोटानं तिचं तोंड साफ केलं, उपडी धरली, पाठीवर थापा मारल्या. पोर खोकली. मग मोठ्यानं रडली. जयवंताबाई रस्त्यावरच्या रुईत फतकल मारून बसली आणि तीही रडली, अगदी मोठ्यानं, गाडीवानांसमोर. मागून खातूनबी आली. तिनं पोर घेतली नाही, दोघींनाही कवेत धरलं.

दुसऱ्या दिवशी नत्थुजीनं निकाल सांगितला. बोट चालतं, काम झकास आहे, मातीत गेलेल्या रुईचं शेठला त्यानं कसंबसं समजावलं आहे, तेव्हा जयवंताबाईनं उद्यापासून चरखीवर बसावं. लिंबाखाली दुसरी कोणी बघू. त्यावर खातूनबी उठली. तिच्यामागं सगळ्या आया उठल्या. चरख्या बंद. "जयवंताबाई लिंबाखाली नसन, तं आमी पडवीत नाई," त्या म्हणाल्या.

"मले कोणी इचारलं काय?" जयवंताबाई कडाडली. एवढे दिवस जीव टाकला, बोट वाकवलं, जागा मिळवली, आणि आता या बाया कौतुक करून ती हिसकावून घेत होत्या. ती लिंबाकडं पाहत राहिली. जानराव नागडाच उभा होता. शेवटी ती नत्थुजीला म्हणाली, "मंग चरखी लिंबाखाली आणून ठेवा. नाईतर मी घरी चालली."

चरखी लिंबाखाली आली. हंगामाच्या उरलेल्या दिवसांत तिच्यावर किती रुई निघाली हे न विचारलेलं बरं, कारण दर घटकेला कोणीतरी दांड्याला लोंबकळत असे आणि तिचं निम्मं अंग चरखीवर तर निम्मं पोरांच्या मागे असे. ती दिवसभर करवादे. आयांना तिचा आवाज पडवीत ऐकू येई आणि त्या निवांत काम करत.

होळीच्या दिवशी ती माळा ओवायला बसली. चांद, सूर्य, पानं, नारळ, सगळं खणखणीत वाळलं होतं. नसीम समोर बसून एकेक हातात देत होती. गाडीच्या त्या दिवसापासून ती जरा कमी बोले, आणि याचाही जयवंताबाईला वैताग येई. एक चाकोली मात्र वेगळीच निघाली. चौकोनी, खाली दोन गोळे चिकटवलेले.

"हे काय?"

"गाडी."

"गाडीची चाकोली नसते." पोर काहून म्हणेल म्हणून ती थांबली. पोरीनं नुसती पुढची चाकोली उचलली. जयवंताबाईनं चाकोली उलटीपालटी करून पाहिली. तिला एक नाही, दोन भोकं होती. हजारदा सांगून झालं होतं, भोक एकच, मधोमध.

"एक दोऱ्याचं," ती म्हणाली. "हे दुसरं काहून?"

"मले दम घ्याले," नसीम म्हणाली.

जयवंताबाईनं ती चाकोली माळेत ओवली नाही. पोरीला जवळ ओढून मांडीवर घेतलं, माळ तशीच बाजूला सारली. संध्याकाळी साऱ्या माळा होळीवर चढल्या आणि जळल्या. ती एक तेवढी जयवंताबाईनं सुतळीनं चरखीच्या खांबाला बांधून ठेवली, आणि पुढं लढाई संपून भाव पडला, आवार ओस पडलं, तेव्हा चरखीबरोबर तीही घरी नेली.