ओलं पुडकं परत

समजा, टेबलावर दोन पुडकी आहेत. दोन्ही सारख्याच निळ्या कापडात, सारख्याच घड्या घालून बांधलेली. आत चिमटे, करवत, हातोडी. एका पुडक्यातली हत्यारं माणसाच्या मांडीत घालायला चालतील, दुसऱ्यातली नाहीत. उघडून बघायचं नाही, कारण उघडलं की दोन्ही बाद. आता ओळखा.

माझ्या मावशीचं हे रोजचं काम आहे. गेली सत्तावीस वर्षं ती इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करते. तिच्या विभागाला दोन दारं आहेत. एकातून रक्ताळलेली हत्यारं आत येतात, दुसऱ्यातून पुडकी बाहेर जातात. आल्या दाराने परत जायचं नाही, हा नियम हत्यारांना आहे आणि मावशीने तो स्वतःलाही लावून घेतलाय. जेवणाचा डबा पलीकडे विसरला तर ती अख्ख्या इमारतीला वळसा घालून जाते. वरच्या मजल्यांवर तिचं नाव थांबाबाई. फोन उचलला की तिचा पहिला शब्द तोच असतो.

देवाशीही तिचं बोलणं कामापुरतंच. सकाळी निघण्याआधी ओट्यापाशी उभ्याने एकच प्रार्थना: माझ्या हातून अशुद्ध काही बाहेर जाऊ नये. त्याहून जास्त मागायला तिला संकोच वाटतो. आठवड्याच्या प्रार्थनेला एक निवृत्त मास्तर चार शब्द सांगतात. एकदा ते म्हणाले, पवित्र म्हणजे स्वच्छ. मावशीने हात वर केला.

“स्वच्छ साबणानेही होतं, मास्तर. पवित्र म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं. मग त्याला वाटेल तो हात लावत नाही.”

तेव्हापासून तो शब्द उच्चारण्याआधी मास्तर एकदा तिच्याकडे बघून घेतात.

मशीनच्या वर एक कागद चिकटवलाय. त्यावर सहावी ओळ आहे: ओलं पुडकं परत. कारण लिहिलेलं नाही. मी इंजिनिअर झाल्यावर उत्साहाने तिला कारण समजावलं. कापड ओलं असलं की पाण्याच्या वाटेने जंतू आत शिरतात, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“असेल. कळलं नव्हतं तेव्हाही परत पाठवतच होते.”

माझी आई म्हणजे तिची थोरली बहीण. आईचा खुब्याचा सांधा पार झिजला होता. सर्जन बाहेरगावाहून येणारे, दोन-अडीच महिन्यांतून एकदा. चार महिने थांबल्यावर आईला तारीख मिळाली. त्या सकाळी मावशीने आयुष्यात पहिल्यांदा दुसरी प्रार्थना जोडली: ताईचं ऑपरेशन आज होऊ दे.

साडेबाराला आईसाठीचा संच मशीनमधून बाहेर आला. पुडक्यावर चिकटवलेल्या पट्टीच्या रेघा नीट काळ्या झाल्या होत्या, म्हणजे वाफ लागली होती. मावशीने पुडकं निवायला ठेवलं आणि अर्ध्या तासाने उचललं. खालच्या कोपऱ्यात दोन थेंब होते. विभागात ती एकटीच होती. तिथल्या उकाड्यात ते थेंब दहा मिनिटांत आपोआप सुकले असते.

फोन वाजला. वरून ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर बोलत होत्या.

“संच पाठवा, पेशंट आत घेतोय.”

“थांबा. ओला आहे.”

“किती ओला?”

“दोन थेंब.”

“अहो, दोन थेंबांत कोण बुडालंय आजवर?”

“ओला म्हणजे ओला. दुसऱ्या कापडात बांधून परत लावते. निवेपर्यंत दोन तास धरा.”

“सर तीनला निघतात. दुसरा संच नाहीये. पेशंट कोण आहे माहितीये ना?”

“माझी ताई आहे,” मावशी म्हणाली आणि पुडकं सोडायला बसली.

सर तीनला निघाले. आईला पुढची तारीख दहा आठवड्यांनी मिळाली. संध्याकाळी मावशी भेटायला आली तेव्हा आई काठी मांडीवर घेऊन बसली होती.

“रात्रीपासून मी पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही, आणि तुला तिथे दोन सापडले!”

“सापडले.”

“दुसऱ्या कुणाला दिसले होते?”

“नाही.”

“मग पुसायचे की गं, बये!”

“पुसले असते तर पुसताना मला दिसलं असतं ना,” मावशी म्हणाली. आईने दहा आठवडे तिच्याशी फक्त काठी कुठे ठेवलीये एवढंच बोलायचं ठरवलं, आणि ते पाळलं.

पुढे ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पहिल्या तारखेलाही कदाचित चांगलंच झालं असतं. आई आता जिने चढते आणि मावशीशी बोलते. बोलण्यात थेंब येतातच.

मावशीने मात्र हा विषय मास्तरांपुढे मांडला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि “बघून सांगतो” म्हणाले. त्याला दोन वर्षं झाली. ती दर आठवड्याला पहिल्या रांगेत बसते. मास्तर हल्ली जास्त करून मागच्या रांगांकडे बघून बोलतात.

“दोन्ही प्रार्थना एकाच सकाळी, एकाच जागी उभी राहून केल्या होत्या,” ती परवा मला म्हणाली. “ते थेंब देवानेच ठेवले असतील, तर ताईचं मागितलेलं त्याला ऐकू आलं नव्हतं का? आणि त्याने ठेवले नसतील, तर मी ऐकलं ते कुणाचं?”